टक्क्यांत वाढ कशी काढायची: उंची, वजन, मीटर रीडिंग आणि रोजची इतर मापं

एका कुंडीतलं रोप ८ सेंटिमीटरचं होतं, ते १२ झालं. शेजारच्या कुंडीतलं ८० चं होतं, ते ८४ झालं. पट्टीवर दोन्हींची वाढ सारखीच, ४ सेंटिमीटर. पण पहिलं रोप दीडपट झालं आणि दुसरं वाढलंय हे बघणाऱ्याच्या ध्यानातही येणार नाही. टक्केवारी हा फरक नेमका पकडते, कारण ती वाढ मुळाशी ताडून पाहते. पहिल्या रोपाची वाढ ५० टक्के, दुसऱ्याची ५ टक्के.

टक्का म्हणजे शंभरामागे एक. आकडेमोड एक वजाबाकी, एक भागाकार आणि एक गुणाकार, एवढीच. तरीही उत्तरं सर्रास चुकतात, आणि ती भागाकारात चुकत नाहीत. भागायचं कशाने, हे ठरवताना चुकतात. म्हणून रीत थोडक्यात सांगून झाली की या लेखाचा बराचसा भाग त्या एका प्रश्नावर आहे: ही वाढ कशाच्या शंभरामागे?

मूळ रीत

मुलाची उंची गेल्या वर्षी ११२ सेंटिमीटर होती, यंदा ११९ भरली. आधी नव्या मापातून जुनं वजा करा: ११९ − ११२ = ७. हा फरक जुन्या मापाने भागा: ७ ÷ ११२ = ०.०६२५. त्याला १०० ने गुणा: ६.२५. उंची सव्वासहा टक्क्यांनी वाढली.

वाढ (टक्के) = (नवं माप − जुनं माप) ÷ जुनं माप × १००

त्रैराशिकाची सवय असेल तर तेच असं मांडता येतं: ११२ मागे ७, तर १०० मागे किती? ७ × १०० ÷ ११२. उत्तर तेच.

दुसरी वाट आणखी जवळची आहे आणि पुढे फार उपयोगी पडते. नवं माप सरळ जुन्याने भागा: ११९ ÷ ११२ = १.०६२५. यातला १ म्हणजे आधी होतं ते सगळं, आणि दशांश चिन्हाच्या पुढचं ०.०६२५ म्हणजे वाढ. या १.०६२५ ला आपण गुणक म्हणू. गुणक १ पेक्षा कमी आला तर घट झाली आहे: ०.९३ म्हणजे ७ टक्के घट.

ताळा करायला विसरू नका. जुन्या मापाला गुणकाने गुणलं की नवं माप यायलाच हवं: ११२ × १.०६२५ = ११९. ताळा जमला नाही तर बहुतेक वेळा भागताना नवं माप घेतलेलं असतं. वरच्याच उदाहरणात ७ ला ११९ ने भागलं तर ५.८८ टक्के येतात. आकडा चुकीचा वाटत नाही, पण ११२ × १.०५८८ केलं की ११८.५९ वर गाडी थांबते आणि चूक उघडी पडते.

कॅल्क्युलेटरवर

साध्या कॅल्क्युलेटरवर ११९ − ११२ ÷ ११२ × १०० अशी बटणं ओळीने दाबली तर ६.२५ येतं, कारण तो आकडे येतील तसे सोडवत जातो. फोनमधला किंवा सायंटिफिक कॅल्क्युलेटर आधी भागाकार-गुणाकार करतो. तिथे ११२ ÷ ११२ × १०० चे १०० होतात, ते ११९ मधून वजा होतात आणि उत्तर १९ येतं. दोन यंत्रांवर दोन उत्तरं आली की माणूस गोंधळतो. म्हणून वजाबाकी कंसात टाका, नाहीतर गुणकाची वाट धरा: ११९ ÷ ११२ = , मग − १ = , मग × १०० =. मध्ये प्रत्येक वेळी बरोबरचं बटण दाबत गेलात तर हे कोणत्याही यंत्रावर चुकत नाही.

टक्क्याच्या बटणावर डोळे झाकून विसंबू नका. ८० + १५ आणि मग टक्क्याचं बटण दाबल्यावर काही यंत्रं ९२ दाखवतात, म्हणजे ८० चे १५ टक्के धरून मिळवतात. काही यंत्रं १५ टक्के म्हणजे नुसतं ०.१५ असं धरून ८०.१५ दाखवतात. आपलं यंत्र कोणत्या जातीचं आहे ते एकदा याच आकड्यांवर तपासून ठेवा.

स्प्रेडशीटमध्ये एका रकान्यात जुनं माप, दुसऱ्यात नवं, तिसऱ्यात सूत्र ठेवा. तिसऱ्या रकान्याला टक्केवारीचं रूप दिलं असेल तर सूत्रात १०० ने गुणायचं नाही, ते काम रकाना स्वतः करतो. दोन्ही केलं की ६.२५ ऐवजी ६२५ टक्के दिसतात.

तोंडी हिशोब

मोजतानाच अंदाज हवा असेल तर जुन्या मापाचे १० टक्के आणि १ टक्का मनात काढा. ६४ चे ७३ झाले. फरक ९. ६४ चे १० टक्के ६.४, एक टक्का ०.६४. ९ मधून ६.४ गेले, उरले २.६, त्यात ०.६४ साधारण चारदा बसतात. म्हणजे वाढ सुमारे १४ टक्के. नेमकं उत्तर १४.०६ आहे, तेव्हा तोंडी हिशोबाला हे पुष्कळ झालं.

मराठीत त्याहून सोपी सोय आहे. आपल्याकडे पटींना आयते शब्द आहेत आणि प्रत्येक शब्दामागे एक टक्केवारी आहे. माप सव्वापट झालं म्हणजे २५ टक्के वाढलं, दीडपट म्हणजे ५० टक्के, पावणेदोनपट म्हणजे ७५ टक्के, दुप्पट म्हणजे १०० टक्के, अडीचपट म्हणजे १५० टक्के. पाव भागाच्या निम्मं वाढलं तर साडेबारा टक्के.

इथे एक गफलत फार होते. सुदृढ बाळाचं वजन साधारण पहिल्या वाढदिवसापर्यंत जन्माच्या वजनाच्या तिप्पट होतं, समजा ३ किलोचं ९ किलो. ही वाढ ३०० टक्के नाही, २०० टक्के आहे. मुळचे ३ किलो तर आधीपासून होतेच, नव्याने आले ते ६. तिप्पट झालं म्हणजे ‘मुळाच्या ३०० टक्के झालं’, पण ‘२०० टक्क्यांनी वाढलं’. पटीतून नेहमी एक वजा करायचा. ‘तिपटीने वाढलं’ अशी वाक्यरचना तर टाळलेलीच बरी. ऐकणारा त्यातून तिप्पट समजेल की चौपट, याचा भरवसा नाही.

एकक जुळवा, विशेषतः फूट-इंच आणि तास-मिनिटं

दोन्ही मापं एकाच एककात हवीत हे सगळ्यांना माहीत असतं. १.२ मीटरचं १३५ सेंटिमीटर झालं तर आधी १२० सेंटिमीटर करायचं, मग १५ ÷ १२०, साडेबारा टक्के. यात सहसा कोणी चुकत नाही. चुकतात ते जिथे एकक दशमान नाही आणि तरी दशांश चिन्ह दिलं जातं तिथे.

४ फूट १० इंच ही उंची बरेच जण ४.१० लिहितात आणि ५ फूट १ इंच ५.१ लिहितात. हे आकडे तसेच यंत्रात घातले की फरक १, भागिले ४.१, वाढ २४ टक्के. खरं पाहता ४ फूट १० इंच म्हणजे ५८ इंच, ५ फूट १ इंच म्हणजे ६१ इंच. फरक ३, वाढ ५.१७ टक्के. आधी सगळे इंच करा, मगच भागा.

वेळेचंही तेच. नेहमीच्या वाटेला १ तास २० मिनिटं लागायची, आता १ तास ३२ मिनिटं लागतात. १.२० आणि १.३२ लिहून हिशोब केला तर १० टक्के वाढ दिसते. मिनिटांत आणा: ८० आणि ९२, वाढ १५ टक्के. ही चूक जास्त धोक्याची, कारण १० टक्के हे उत्तर कुणालाही खटकत नाही.

किलो-ग्रॅममध्ये वेगळाच खड्डा आहे. ३ किलो ५० ग्रॅम म्हणजे ३.०५०, ३.५० नव्हे. मधलं शून्य गळलं की ४५० ग्रॅमचा फरक पडतो.

मीटर रीडिंग: वाचन वेगळं, वापर वेगळा

वीज किंवा पाण्याच्या मीटरवर दिसतो तो आकडा मीटर बसवल्यापासूनच्या एकूण वापराचा. महिन्याचा वापर म्हणजे दोन वाचनांमधला फरक. टक्केवारी काढायची ती वापराची, त्यामुळे तीन वाचनं लागतात, दोन नव्हे.

समजा मीटरवर ओळीने १४,३२०, १४,५०० आणि १४,७२५ अशी वाचनं मिळाली. पहिल्या काळात वापर १८० युनिट, दुसऱ्या काळात २२५. फरक ४५, भागिले १८०, वाढ २५ टक्के. घाईत कोणी शेवटची दोनच वाचनं घेऊन २२५ ला १४,५०० ने भागतो आणि वापर दीड टक्क्याने वाढला म्हणून निश्चिंत होतो.

पण २५ टक्के हेही अजून पक्कं उत्तर नाही. वाचनं किती दिवसांच्या अंतराने घेतली? पहिला काळ ३० दिवसांचा आणि दुसरा ३६ दिवसांचा असेल, तर रोजचा वापर आधी ६ युनिट होता, आता ६.२५. खरी वाढ ४.१७ टक्के. बाकीची सगळी वाढ जादा सहा दिवसांनी आणली. नुसते महिने पाहिले तरी २८ दिवसांच्या फेब्रुवारीपेक्षा मार्चचे दिवस १०.७ टक्क्यांनी जास्त असतात. घरातल्या सवयी तशाच राहिल्या तरी मार्चचा आकडा तेवढा वर जाणारच. म्हणून मीटरची वही ठेवताना वाचनासोबत तारीख लिहा आणि तुलना नेहमी दर दिवसाची करा.

वजनकाटा, भांडं आणि शून्य

एखादी वस्तू पाणी किती शोषते हे पाहायचं आहे. ती भांड्यात ठेवून वजन केलं: आधी १,२५० ग्रॅम, भिजल्यावर पाणी निथळून १,४५० ग्रॅम. फरक २०० ग्रॅम, तो बरोबरच आहे. भांड्याचं वजन वजाबाकीत आपोआप उडालं. भागाकारात मात्र ते उडत नाही. २०० ÷ १,२५० केलं तर १६ टक्के येतात. भांडं २५० ग्रॅमचं आहे, वस्तू १,००० ग्रॅमची, आणि खरी वाढ २० टक्के आहे. भांडं नेहमी उत्तर लहान करतं. काट्यावर रिकामं भांडं ठेवून आधी शून्य करून घेतलं की हा प्रश्न उरत नाही.

काटा स्वतः चुकीचा असेल तर? इथे एक समजून घेण्याजोगी गोष्ट आहे. काटा प्रत्येक वजन ठरावीक प्रमाणात जास्त दाखवत असेल, समजा २ टक्के, तर ४० किलोचे ४०.८ दिसतील आणि ५० चे ५१. वाढ काढा: १०.२ ÷ ४०.८, पुरे २५ टक्के. वर आणि खाली सारखाच गुणाकार झाला, तो कटून गेला. ताणून सैल झालेल्या टेपचंही तसंच. सगळीकडे सारखीच ताणली गेली असेल आणि दोन्ही मापं त्याच टेपने घेतली असतील तर लांबी चुकेल, टक्केवारी नाही. पण काटा प्रत्येक वेळी ठरावीक २ किलो जास्त दाखवत असेल तर ४२ आणि ५२ दिसतात आणि उत्तर २३.८ टक्के येतं. प्रमाणातली चूक टक्केवारी सहन करते, शून्य सरकल्याची चूक करत नाही. त्यामुळे काट्याचं शून्य, पट्टीचं झिजलेलं टोक, टेपच्या हुकाचं ढिलं झालेलं रिव्हेट, या गोष्टी आधी पाहा. हुकाची पाती रिव्हेटवर थोडी सरकती असते, ती मुद्दाम तशी केलेली असते. बाहेरून अडकवून आणि आतून टेकवून, दोन्ही प्रकारे बरोबर माप यावं म्हणून. पण रिव्हेटचं भोक झिजून ती नको तेवढी हलू लागली की शून्य सरकलंच.

आणि दोन्ही मापं एकाच साधनाने घ्या. जुनं माप एका काट्यावरचं आणि नवं दुसऱ्यावरचं असेल तर वाढ वजनाची की काट्याची, हे सांगता येत नाही.

उत्तरात किती आकडे लिहायचे

छोट्या फरकाची टक्केवारी फार नाजूक असते. रोप ३.० सेंटिमीटरचं ३.४ झालं. यंत्र म्हणतं १३.३३ टक्के. पण पट्टीवर मिलिमीटरच्याच खुणा असतील तर प्रत्येक वाचनात अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होणारच. खरी मापं २.९५ आणि ३.४५ असू शकतात, किंवा ३.०५ आणि ३.३५ असू शकतात. पहिल्यात वाढ १७ टक्के, दुसऱ्यात १० टक्के. मग १३.३३ मधल्या त्या दोन दशांश स्थळांना काय अर्थ राहिला? ‘साधारण १३ टक्के’ लिहा. नेमकेपणा हवा असेल तर जास्त दिवस थांबा, फरक मोठा होऊ द्या.

शरीराच्या मापांत साधनापेक्षा शरीरच जास्त हलतं. वजन ६२.४ चं ६२.९ झालं, वाढ ०.८ टक्के. पण अर्धा लिटर पाणी प्यायलं तरी काट्यावर अर्धा किलो वाढतोच. उंची सकाळी उठल्यावर संध्याकाळपेक्षा साधारण १ सेंटिमीटर जास्त भरते, कारण दिवसभर उभं राहून मणक्यांमधल्या चकत्या दबतात. ११२ सेंटिमीटरच्या मुलात हा १ सेंटिमीटर म्हणजे जवळपास ०.९ टक्का. तेव्हा उंची रोज घेतली तरी, वर्षाने घेतली तरी, वेळ तीच ठेवा. वजनाला वेळही तीच आणि कपडेही साधारण तेवढेच.

मधल्या पायरीवर आकडा छाटू नका. ०.०६२५ चे आधीच ०.०६ केले तर उत्तर ६ टक्के होतं आणि पाव टक्का वाटेत सांडतो. छाटायचं ते शेवटी, एकदाच.

वाढ, घट आणि परतीची वाट

४० लिटरची टाकी बदलून ५० ची बसवली, क्षमता २५ टक्क्यांनी वाढली. ५० ची काढून ४० ची बसवली तर घट २० टक्के. फरक दोन्हीकडे १० लिटरच, पण पहिल्यात मूळ ४० आहे, दुसऱ्यात ५०. उलट वाटेला टक्के बदलतात, कारण मूळ बदलतं.

जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत पूर्ववत होतं. ३,२०० ग्रॅमचं बाळ ७ टक्क्यांनी उतरलं की २,९७६ ग्रॅम होतं. तिथून पुन्हा ३,२०० वर यायला ७ नव्हे, साडेसात टक्के वाढ लागते: २२४ ÷ २,९७६. वजनाचा तक्ता भरताना प्रत्येक टक्क्याच्या बाजूला ‘जन्मवजनाच्या’ की ‘मागच्या वजनाच्या’ हे लिहिलं नाही, तर पुढचा वाचणारा हमखास फसतो.

पाणी गोठलं की त्याचं आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं. १,००० मिलिलिटर पाण्याचा बर्फ सुमारे १,०९० मिलिलिटर जागा घेतो. तोच बर्फ वितळला की आकारमान ९ नव्हे, ८.३ टक्क्यांनी घटतं. बाटली फ्रीझरमध्ये ठेवताना हा हिशोब प्रत्यक्ष लागतो. बाटलीत काठोकाठ १,००० मिलिलिटर मावत असेल तर १,००० ÷ १.०९, म्हणजे ९१७ मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी त्यात घालता येणार नाही. प्रत्यक्षात याहूनही थोडं कमीच भरा. बर्फ सगळीकडून एकदम धरत नाही, आणि वरचा थर आधी गोठला तर खालच्या पाण्याला वाट मिळत नाही.

वाढीव मापावरून मूळ माप काढायचं असेल तेव्हाही हाच गुणक वापरा. एखादं वजन १५ टक्क्यांनी वाढून ९२ किलो झालंय, आधी किती होतं? ९२ मधून ९२ चे १५ टक्के वजा केले तर ७८.२ येतात, आणि ते चूक. ९२ ÷ १.१५ = ८०. ताळा: ८० × १.१५ = ९२.

मूळ कोणतं धरायचं यावर क्षेत्राक्षेत्राचे रिवाजही असतात. ओल्या लाकडाच्या तुकड्याचं वजन १,२०० ग्रॅम आणि पूर्ण वाळल्यावर १,००० ग्रॅम असेल, तर लाकूडकामात त्याचा ओलावा २० टक्के म्हणतात, कारण तिथे भाजक कोरडं वजन असतं. धान्याचा ओलावा बहुधा ओल्या वजनावर काढतात. त्या रीतीने तेच आकडे १६.७ टक्के होतात. पाणी तेवढंच, २०० ग्रॅम.

वाढीवर वाढ

रोप ५० सेंटिमीटरचं होतं. पहिल्या महिन्यात २० टक्के वाढलं, दुसऱ्यात पुन्हा २० टक्के. एकूण ४० टक्के नव्हे. ५० चे ६० झाले, मग ६० चे २० टक्के १२, एकूण ७२. वाढ ४४ टक्के. लागोपाठच्या टक्क्यांची बेरीज करायची नसते, गुणकांचा गुणाकार करायचा असतो: १.२ × १.२ = १.४४. २० टक्के वाढून २० टक्के घटलं तर १.२ × ०.८ = ०.९६, म्हणजे मुळापेक्षा ४ टक्के कमीच.

उलटही तसंच. झाड दोन वर्षांत २.०० मीटरचं २.४२ मीटर झालं, वाढ २१ टक्के. वर्षाची सरासरी साडेदहा नाही. १.२१ चं वर्गमूळ १.१, म्हणून दर वर्षी १० टक्के. तीन वर्षांची वाढ असेल तर घनमूळ घ्यायचं.

लांबी १० टक्के, जागा २१ टक्के

रोजच्या व्यवहारात सर्वांत महागात पडणारी गफलत हीच. चौकोनाच्या दोन्ही बाजू १० टक्क्यांनी वाढवल्या की क्षेत्रफळ १.१ × १.१ = १.२१, म्हणजे २१ टक्क्यांनी वाढतं. ठोकळ्याच्या तिन्ही बाजू वाढवल्या तर आकारमान ३३.१ टक्क्यांनी.

२० सेंटिमीटरच्या कुंडीऐवजी त्याच घडणीची २४ सेंटिमीटरची आणली. व्यास २० टक्क्यांनी वाढला, उंचीही तितकीच वाढली. माती किती जास्त लागेल? १.२ × १.२ × १.२ = १.७२८, म्हणजे जवळपास ७३ टक्के. आधीच्या कुंडीला ५ लिटर माती लागत असेल तर नव्या कुंडीला ८.६ लिटर. ‘थोडीशी मोठी कुंडी’ म्हणून ६ लिटर माती आणणाऱ्याची कुंडी दोन-तृतीयांशच भरेल. आणि व्यास तेवढाच ठेवून फक्त उंची २० टक्क्यांनी वाढलेली असेल तर माती २० टक्केच जास्त लागेल. कोणती बाजू वाढली हे आधी बघायचं.

नळीचंही असंच. आतला व्यास २० मिलिमीटरचा २५ केला तर व्यास २५ टक्के वाढला, पण तोंडाचं क्षेत्रफळ १.२५ × १.२५ = १.५६२५, म्हणजे ५६ टक्क्यांनी. मात्र पाण्याचा प्रवाह दाबावर आणि नळीतल्या घर्षणावरही ठरतो, त्यामुळे हे ५६ टक्के प्रवाहाला जसेच्या तसे लावू नका.

झेरॉक्सच्या यंत्रावर हे सगळं एका बटणात दिसतं. ए४ कागद २१० बाय २९७ मिलिमीटर, ए३ कागद २९७ बाय ४२०. ए४ वरून ए३ करायला यंत्रावर १४१ टक्के निवडतात. इथे १४१ टक्के ही वाढ नाही, तो ‘मुळाच्या इतके टक्के’ असा आकडा आहे. बाजूंची वाढ ४१ टक्के. आणि क्षेत्रफळ ६२,३७० चौरस मिलिमीटरवरून १,२४,७४०, बरोबर दुप्पट, म्हणजे १०० टक्के वाढ. परत ए४ वर यायला ५९ टक्के नव्हे, ७१ टक्के निवडावे लागतात, कारण १ ÷ १.४१ हे जवळपास ०.७१ आहे. यंत्रावर आधी १२० आणि मग ८० टक्के केलं तर मूळ आकार परत मिळत नाही, चित्र ९६ टक्क्यांवरच राहतं.

वेग वाढला, वेळ किती घटला?

२० किलोमीटर अंतराला ताशी ४० किलोमीटर वेगाने ३० मिनिटं लागतात, ताशी ५० ने २४ मिनिटं. वेग २५ टक्क्यांनी वाढला, वेळ २० टक्क्यांनी घटला. इंधनातही हेच: गाडी लिटरमागे २० ऐवजी २५ किलोमीटर जाऊ लागली म्हणजे २५ टक्के सुधारणा, पण १०० किलोमीटरला लागणारं इंधन ५ लिटरवरून ४ वर आलं, म्हणजे बचत २० टक्के. गुणक १.२५ असेल तर दुसऱ्या बाजूला १ ÷ १.२५ = ०.८ धरायचं.

माप आधीच टक्क्यांत असेल तर

हवेतली सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेली. कोणी म्हणेल १० टक्के वाढली, कोणी म्हणेल २५ टक्के. नुसत्या फरकाला ‘१० टक्केबिंदू’ म्हणतात, आणि मुळाच्या तुलनेत वाढ १० ÷ ४०, म्हणजे २५ टक्के. फोनची बॅटरी ६० वरून ७५ वर गेली तर १५ टक्केबिंदू, किंवा २५ टक्के वाढ. सगळ्यांत सुरक्षित म्हणजे दोन्ही आकडे लिहून टाकणं: ‘४० वरून ५० टक्क्यांवर’. मग शब्द कोणताही वापरा.

सरासरी घेतानाही असंच सांभाळा. एक रोप १० चं २० सेंटिमीटर झालं (१०० टक्के), दुसरं १०० चं ११० (१० टक्के). टक्क्यांची सरासरी ५५. पण एकत्र उंची ११० ची १३० झाली, वाढ १८ टक्के. एकेक रोप कसं वाढतंय हे सांगायचं असेल तर पहिलं उत्तर, एकूण उंची किती वाढली हे सांगायचं असेल तर दुसरं.

जिथे टक्के काढूच नयेत

तापमान २० अंश सेल्सियसवरून ३० वर गेलं की ‘५० टक्के वाढ’ म्हणायचा मोह होतो. तेच तापमान फॅरेनहाइटमध्ये ६८ वरून ८६, वाढ २६.५ टक्के. केल्विनमध्ये २९३.१५ वरून ३०३.१५, वाढ ३.४ टक्के. हवा एकच, बदल एकच, उत्तरं तीन. कारण सेल्सियसचं शून्य म्हणजे उष्णता अजिबात नाही असं नव्हे. ते पाण्याच्या गोठणबिंदूवर ठेवलेलं आहे, फॅरेनहाइटचं आणखी भलतीकडे. टक्केवारीला असं शून्य लागतं जिथे ती गोष्ट खरोखर काहीच नसते, जसं लांबीचं किंवा वजनाचं. म्हणून तापमानाबद्दल ‘१० अंशांनी वाढलं’ एवढंच म्हणायचं.

आवाजाच्या डेसिबलवरही टक्के लावू नका. ६० डेसिबलचे ६३ झाले तर आकडा ५ टक्क्यांनी वाढलेला दिसतो, पण ध्वनीची तीव्रता जवळजवळ दुप्पट झालेली असते, आणि १० डेसिबल वाढले तर दहापट. आम्लता मोजणारा पीएच आकडाही याच धाटणीचा.

राहिला मूळच शून्य असण्याचा प्रश्न. गेल्या आठवड्यात पाऊस ० मिलिमीटर, या आठवड्यात १२. शून्याने भागता येत नाही, त्यामुळे टक्के निघत नाहीत. १०० टक्केही नाहीत आणि १,२०० टक्केही नाहीत. मूळ शून्याच्या जवळ असलं तरी आकडे असेच फुगतात: २ मिलिमीटरचे ६ झाले की २०० टक्के वाढ, आणि जमीन मात्र वरवरच ओली. अशा ठिकाणी टक्क्यांचा नाद सोडा आणि सरळ मापच लिहा: गेल्या आठवड्यात कोरडं, या आठवड्यात १२ मिलिमीटर.